शांत झाली म्हणून सोडली

ज्यांच्या घरात असे माणूस आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांच्या घरात नाही त्यांनी वाचायला हरकत नाही, पण वाचून कीव करू नये. कीव करताना आणि चेष्टा करताना लोकांची तोंडे मला सारखीच दिसतात. तुमची मेहनत फुकट जाईल.

आजवर मी हातपत्रके लिहिली. दारूबंदीची लिहिली, शिवाशिवीविरुद्धची लिहिली. पत्रकात एक सोय असते. शत्रू कोण ते पहिल्याच ओळीत सांगून टाकायचे, मग खाली वाट्टेल तेवढे ओरडायचे. इथे ती सोय नाही. शत्रू माझ्याच डोक्यात होता, आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या, गोदावरीच्या, डोक्यातही तोच होता. डॉक्टरांनी दोघांच्या आजाराचे इंग्रजी नाव एकच सांगितले, स्किझोफ्रेनिया. पण तो आम्हा दोघांना एकसारखा झाला नाही, आणि लोकांनी तर आम्हाला मुळीच एकसारखे वागवले नाही. मी आधी सुटलो. ती आत राहिली. तिला बाहेर आणण्यासाठी मी जिवाचे रान केले. आणली. काय आणले, ते सांगायचे आहे.

इस्पितळाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. मलकापुरास गाडीत बसले की दिवसभराच्या वाटेवर एका मोठ्या शहरात ते आहे, एवढे पुरे. नाव छापले की लोक त्या एका इमारतीवर रागावतात आणि आपल्या घरातली कोठडी विसरतात.

बाजारातली तोंडे

आमचे गाव मोताळ्याजवळ. वडील लवकर गेले, शेत माय पाहते. मी बुलढाण्याला मॅट्रिकपर्यंत शिकलो आणि चळवळीत पडलो. बाजाराच्या दिवशी दारूच्या दुकानासमोर उभे राहायचे, पत्रके वाटायची, शिव्या खायच्या, हे माझे काम. शिव्या खाण्यात मी तयार झालो होतो. कोण नुसती तोंडाने शिवी देतो आणि कोण मनातून देतो, हे लांबून ओळखायचो. मनातून देणाऱ्याला पत्रक द्यायचे नाही. नुसती तोंडाने देणाऱ्याला दोन द्यायची, एक शेजाऱ्यासाठी.

मग ते ओळखणे गेले. एकदम नाही. उन्हात वाळत घातलेल्या कापडाचा रंग जातो तसे हळूहळू. नाक, डोळे, मिशा जागच्या जागी होत्या, पण त्यांतून काही बाहेर येईना. बाजारभर माणसे आणि एकाच्याही तोंडावर काही लिहिलेले नाही. रिकाम्या जागेत माणूस आपलेच काहीतरी भरतो. माझ्याकडे भरायला एकच माल होता, संशय.

मग आवाज आले. माझे आवाज पत्रकाच्या भाषेत बोलत. 'मलकापूर तालुक्यातील तमाम जनतेस जाहीर कळविण्यात येते की, हा इसम फितूर असून याजवर कोणी विश्वास ठेवू नये.' आज लिहिताना हसू येते. तेव्हा घाम फुटायचा, कारण मजकूर चांगला होता. माझ्यापेक्षा चांगला.

कोणाच्या लक्षात आले नाही. येणार कसे? आमच्या कामात संशय हा गुण समजतात. आमच्यातले वामन मास्तर, त्यांची बायको बाळंतपणात गेली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "मास्तर, उरलेली पत्रके कुठे ठेवली?" मास्तर माझ्याकडे पाहत राहिले. त्या पाहण्यात काय होते ते मला दिसले नाही. त्यांनी आत जाऊन गठ्ठा आणून दिला. मी गठ्ठा घेऊन चालू लागलो. यावर लोक काय म्हणाले असतील? लोक म्हणाले, "याले म्हनतात कार्यकर्ता! सुतकपातक काई नाई, काम म्हंजे काम."

एखादी बाई मेलेल्याच्या दारात जाऊन असे बोलली असती तर तिला त्याच संध्याकाळी बांधून ठेवली असती. मला मात्र तालुक्याच्या सभेत पहिल्या रांगेत बसवले.

आखाजी

गोदीला जळगाव जामोदला दिलेली. नवरा कापसाची सरकी काढायच्या जिनात कारकून. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेकी माहेरी येतात, तशी ती आली.

आमच्याकडे मायलेकी पुष्कळ दिवसांनी भेटल्या की आधी गळ्यात पडून रडतात. मोठ्याने, शब्द लावून, चाल लावून. कोणी मेल्यासारखे रडतात आणि डोळे पुसून लगेच चहा टाकतात. लहानपणापासून मी हे ऐकत आलो. आम्ही पोरे त्याची नक्कल करून मार खात असू.

त्या दिवशी मी ओसरीवर बसलो होतो. गाडी आली, गोदी उतरली, मायने तिला मिठी मारली आणि सूर लावला, "माही बाई वं, कशी वाळली वं माही बाई…" आणि मला कळले की मी मेलो आहे. पोलिसांनी मला मारले आहे, घरच्यांना ते ठाऊक आहे, आणि माझ्यासमोरच माझे रडून घेत आहेत. मेलेला माणूस ओसरीवर कसा बसला, हा प्रश्न मला पडला नाही. असे प्रश्न त्या दिवसांत पडत नसतात. मी उठलो, मुसळ घेतले आणि पाण्याची मडकी फोडली. "बंद करा हे! मी ऐकून राह्यलो!" असे ओरडलो म्हणतात.

गल्ली जमली. "आंगावर येऊन राह्यला, धरा बे त्याले!" चुलत्यांनी मला विहिरीच्या नाड्याने खांबाला बांधले. सगळ्यांना माझ्या तोंडावर राग दिसला. पुरुषाच्या भीतीला राग म्हणायची आपली रीतच आहे.

गोदी एकटी पुढे आली. तिने माझ्याकडे पाहिले आणि चुलत्यांना म्हणाली, "काका, राग नोयं हा. दादाले भेव वाटून राह्यलं. पाह्य ना तुमी, कसा थरथरून राह्यला तो."

मग माझ्याजवळ बसली. "दादा, मी सासरहून आली म्हून माय रडली. दुसरं काई नाई. तू जिता हायेस."

दोर तसाच होता, पण आतून काहीतरी सुटले. एवढे एक वाक्य मला कित्येक महिन्यांत कोणी बोलले नव्हते. घरच्यांनो, तुमच्या माणसाला समजावायचे असेल तर असे समजवा. काय झाले ते सरळ शब्दांत सांगा. 'वेड्यासारखं नको करू' म्हणू नका. आणि आमच्यासमोर एकमेकांच्या कानात बोलू नका.

त्यानंतर गोदी अगदी हळू आणखी एक वाक्य बोलली. "माह्यामुळंच होते हे. मी जिथं पाय ठेवतो तिथं असंच होते." ते मी ऐकले आणि सोडून दिले. माय जवळच होती, तिनेही सोडून दिले. बायका असे म्हणतच असतात, असे सगळ्यांना वाटते.

मला डॉक्टर, तिला भगत

मला बुलढाण्याच्या डॉक्टरला दाखवले. त्याने चिठ्ठी दिली आणि मला त्या मोठ्या इस्पितळात नेले. मी घरचा पुरुष, मॅट्रिक झालेला, माझे डोके दुरुस्त होणे घराला जरूर होते.

गोदीचे त्याच वर्षी जळगावात उघडकीस आले. ती शेजारपाजारच्या घरात शिरून बायकांना विचारायची, "काऊन रडली वं तू सकाळी?" आणि ती बाई खरोखर रडलेली असायची. कोणाला नवऱ्याने मारलेले, कोणाचे लेकरू तापाने फणफणलेले. गोदीच्या डोक्यात या सगळ्या बायका बोलत आणि म्हणत की हे तूच केलेस. मग ती त्यांच्या पाया पडायची. सासरच्यांनी निदान केले, बाहेरचे लागले. भगत आणला. मिरच्यांची धुनी दिली. मग एका देवाच्या थानावर नेऊन साखळीने बांधली आणि नवरा गावी परतला. जिनाचा हंगाम चालू होता, त्याला सवड नव्हती.

आजार एक. मला गोळी, तिला धुनी. मी याच्यावर पत्रक लिहिले असते तर तालुक्यातल्या तत्त्वनिष्ठ मंडळींनी सांगितले असते की हा आजचा प्रश्न नाही, स्वराज्यानंतर बघू.

मायने तिला सोडवून माझ्याच इस्पितळात आणली. थानावरच्या लोकांशी कशी भांडली, कधी सांगितले नाही. एवढेच म्हणाली, "एकाले पाह्याले जाच लागते. दोघायले पाहीन."

भिंतीच्या दोन बाजू

आत दिवस असा जाई. घंटा, रांग, हौदावर आंघोळ, भात, उग्र वासाचे औषध, अंगणात बसणे, पुन्हा घंटा. भाताने आम्हा भाकरखाऊ लोकांचे पोट भरत नसे. तिथे रहीमचाचा नावाचे वॉर्डर होते, मूळचे रोहिणखेडचे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "कुठचा बे तू?" मी गाव सांगितले. "अरे, मंग तर आपलाच पोट्टा हाये! आमच्या मशिदीपुढून गेला असशीन कितीकदा." त्यानंतर अधूनमधून त्यांच्या घरची ज्वारीची भाकर आणि लाल मिरचीचा ठेचा माझ्या ताटात पडे. ठेच्याने डोळ्यांत पाणी यायचे आणि मला बरे वाटायचे, की अजून येते तर.

पुरुषांची बाजू आणि बायकांची बाजू, मध्ये उंच भिंत. आमच्या बाजूला प्रत्येक जण आपापला ओरडे. कोणी पडला तर बाकीचे त्याला वळसा घालून जात. मीही वळसा घालून गेलो आहे. दगडाला घालतो तसा. चाचांची बायको पलीकडे नोकरीला होती. चाचा सांगत, "तिकडं अल्लगच तमाशा हाये बावा. एकीले सुई टोचली का चौघी ओय करतात." आजार भिंतीच्या अलीकडे-पलीकडे तोच. दुसऱ्याचे दुखणे ओळखायची वाट मात्र आमच्या बाजूला बुजलेली आणि त्यांच्या बाजूला पुष्कळांची उघडी. सगळ्यांची असे म्हणत नाही. जे पाहिले ते लिहितो.

उघडी असणे ही काही चैन नव्हती. भेटीच्या दिवशी माय आली की आम्हा दोघांना एका पडवीत आणत. गोदी आधी मायचे तोंड पाही, मग माझे, मग शेजारच्या अनोळखी भेटकऱ्यांचे, आणि प्रत्येकाचे ओझे उचलून घेई. मला कोणाचे दुःख दिसत नव्हते आणि दोष मी दुसऱ्याला देत होतो. तिला सगळ्यांचे दिसत होते आणि दोष ती स्वतःला देत होती. दोघांपैकी कोण कमी आजारी, हे मी अजून ठरवू शकलो नाही. इस्पितळाने मात्र ठरवले.

तपासणी

सोडायचे की नाही हे मोठे डॉक्टर ठरवीत. माय दोघांना न्यायला आली होती. आदल्या भेटीत तिने गोदीला बजावले होते, "साहेबापुढं रडजो नोको माय. हासजो बी नोको. पुसलं तेवढंच सांगजो."

आम्हाला एकत्रच आत बोलावले. डॉक्टरांनी मला नाव, गाव, वार विचारला. आवाज येतात का? येत नाहीत, म्हणालो. येत होते, पण लांबून, बाजार उठल्यावर येतात तसे. माझे तोंड दगडासारखे होते. डॉक्टर म्हणाले, "छान. शांत आहात." माझे झाले.

मग गोदीला विचारले. तिने सगळी उत्तरे नीट दिली. वार बरोबर सांगितला, नवऱ्याचे नावसुद्धा लाजत सांगितले. डॉक्टर लिहायला लागले. आणि गोदी त्यांच्याकडे पाहत राहिली. मी पण पाहिले. मला चष्मा दिसला, टाय दिसला.

"साहेब," ती म्हणाली, "तुमच्या घरचं लेकरू गेलं काय?"

डॉक्टरांचा हात थांबला. "कोणी सांगितलं?"

"कोनी नाई. तुमच्या तोंडावर हाये."

आणि मग गोदीने ते केले जे आमच्याकडची कोणतीही शहाणी बाई करील. मरणाचे कळल्यावर आमच्या बायका गप्प बसत नाहीत. गप्प बसणे हा अपमान असतो, वैर असते. रडायला आलेल्या बाईने सूर लावायचा, म्हणजे घरच्यांना रडायला वाट होते. गोदीने पदर तोंडाशी घेतला, जमिनीवर बसली आणि सूर लावला, "माह्या सोन्या रे, कुठी गेला रे बापा…" डॉक्टरांच्या मुलासाठी. त्यांच्याच कचेरीत, त्यांच्याच टेबलापाशी.

तेवढ्यावर थांबली असती तरी कदाचित निभावले असते. पण आजार आजारच असतो. ती डॉक्टरांचे बूट धरून म्हणाली, "माह्याच पायगुनानं झालं साहेब, मले मारा."

दोन बाया धावत आल्या आणि तिला उचलून घेऊन गेल्या. डॉक्टर उभे राहिले होते. त्यांनी मला म्हटले, "तुम्ही जाऊ शकता." तिच्याबद्दल म्हणाले, "ही अजून शांत नाही."

माय दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "एकटाच?"

डॉक्टरांशी भांडण

बाहेर रहीमचाचांनी सांगितले, साहेबांचा लहान मुलगा घटसर्पाने गेला होता. साहेब तिसरा दिवस झाल्यावर कामावर आले, कोणाजवळ बोलले नाहीत. पलीकडच्या बाजूला कोणाला ठाऊक नव्हते. मला आधी वाटले, कोणी तरी तिला सांगितलेच असेल. संशय इतक्या लवकर जात नाही. चाचा चिडले. "अरे, माह्या बायकोले बी आजच समजलं! तिले कोन सांगनार?"

मी परत आत गेलो. शिपाई अडवत होता, तरी गेलो. म्हटले, "साहेब, तिने खरे ओळखले."

"हो," डॉक्टर म्हणाले.

"मग खरे ओळखण्याबद्दल तिला आत ठेवता?"

ते वाईट गृहस्थ नव्हते. लिहिताना त्यांना शत्रू करणे मला सोपे गेले असते. ते म्हणाले, "ओळखलं ते बरोबर. पण ते स्वतःमुळे झालं म्हणाली. उद्या गावात कोणी मेलं की ही विहीर गाठेल. मग तुम्हीच येऊन मला विचाराल."

"आणि मला काहीच ओळखता येत नाही, तरी मी बरा?"

"तुम्ही शांत आहात." मग पुढे बोलले, बहुधा माझ्याशी नाही. "तुमच्या बाजूचे रोगी माझ्याकडे भिंतीकडे पाहावं तसे पाहतात. त्या बाजूच्या पुष्कळजणी मी दारातून आत येण्याआधी ओळखतात, आज मी कसा आहे. आजार तोच. का असं होतं, मला ठाऊक नाही. पण बाहेरच्या लोकांना शांत माणूस लागतो. शांत नसलेला पुरुष घरचे एकदा तरी ठेवून पाहतात. बाई आठवड्यात परत आणून टाकतात. मी काय करू?"

पत्रकात शेवटी 'करा' म्हणून चार गोष्टी लिहायच्या असतात. मी रिकाम्या हाताने मायबरोबर गाडीत बसलो.

भेटी

जमेल तेव्हा जात राहिलो. कधी माय बरोबर, कधी एकटा. नवरा एकदाही आला नाही. जळगावहून निरोप यायचे, की दुसरी पाहून राह्यले.

पडवीत आली की गोदी आधी माझ्याकडे बघायची. एकदा म्हणाली, "दादा, तू उपाशी आला."

मला पत्ता नव्हता. आठवून पाहिले, तर खरेच काही खाल्ले नव्हते. स्वतःची भूकसुद्धा मला तिच्याकडून कळली.

"माय रडते काय रे घरी?" तिने विचारले.

"ठाऊक नाही."

"एका घरात राह्यतेस ना तू?"

"राहतो. दिसत नाही मला."

ती हसली. "असा कसा रे तू! बंड्यावानी." बंड्या आमचा बैल. मी बाहेर येऊन बाकावर बसलो आणि पुष्कळ वेळ हसलो. आजारपणात एवढे हसल्याचे दुसरे आठवत नाही.

मग ते डॉक्टर बदलून गेले. नवे आले. सुयांचा नवा उपचार निघाला होता. सुई दिली की अंगाला झटके येत, रोगी बेशुद्ध पडे, उठल्यावर पुष्कळ गोष्टी पुसल्या जात. काहींना त्याने गुण येतो असे म्हणत. येतही असेल. मी शास्त्र जाणत नाही. मला एवढेच ठाऊक की एका भेटीत गोदी पडवीत आली, बसली आणि समोर बघत राहिली. मी सकाळपासून मुद्दाम जेवलो नव्हतो. तिने पाहावे म्हणून. तिने काही म्हटले नाही. मी विचारले, "मी जेवलो की नाही, ओळख." ती म्हणाली, "जेवला असशीन."

नवे डॉक्टर आनंदात होते. "आता अगदी शांत आहे. घेऊन जा."

ज्यासाठी मी आगगाडीचे बाक झिजवले ते मिळाले. मायने देवापुढे दिवा लावला. मलकापुराहून बैलगाडीने येताना माय तिच्या तोंडावरून सारखा हात फिरवत होती आणि गोदी बसली होती, पोत्याला टेकून, पोत्यासारखी.

जावई

गावातल्या बायका पाहून गेल्या. "कशी गाय झाली पोट्टी!" "कोनाच्या घेन्यात ना देन्यात." ती सांगितलेले सगळे करते. झाड म्हटले की झाडते, थांब म्हटले नाही तर झाडतच राहते. शेजारची सखू तिच्यासमोर बसून हमसून हमसून रडली, तिची म्हैस मेली होती. गोदी शेण सारवत होती, सारवत राहिली. पूर्वीची गोदी त्या म्हशीसाठी सबंध दिवस उपाशी राहिली असती. माय म्हणाली, बरे झाले, जिवाला त्रास नाही.

बातमी जळगावला पोचली आणि जावईबापू आले. ओसरीवर सतरंजी, चहा, पान. पाव्हणे सभ्य बोलले. "झालं गेलं सोडा. बरी झाली म्हनतात. घरात काम करनारं मानूस पाह्यजे. मी घेऊन जातो."

मायचे हात जोडलेलेच होते. "तुमचीच हाये पाव्हणे. आजच न्या."

मी आत गेलो. गोदी चुलीपाशी बसली होती. मी समोर बसलो आणि तिच्या तोंडाकडे पाहिले. एके काळी बाजारातल्या शिव्या वेगवेगळ्या ओळखणारा मी, सख्ख्या बहिणीच्या तोंडावर काय आहे ते मला दिसेना. तिथे काही होते की नव्हते, तेही दिसेना. या घरात तोंड वाचणारे एकच माणूस होते, आणि मला तिचेच तोंड वाचायचे होते.

"गोदे, भाऊजी आले. जायचं तुले?"

"हाव."

"मनापासून?"

"हाव."

मग मी त्याच आवाजात विचारले, "गोदे, त्या थानावर जायचं? साखळीत?"

"हाव," ती म्हणाली. तशीच. भाजीत मीठ टाकू का, हो, अशा सुरात.

मी बाहेर आलो आणि सांगितले, "ती येणार नाही."

"ती म्हनली?"

"ती काही म्हणू शकत नाही. म्हणू शकेल तेव्हा विचारू."

पाव्हणे उठले. "आधी येडी म्हून ठुली, आता शानी झाली तरी ठुता. तुमचंच डोकं अजून ठिकानावर नाई, मास्तर." मी मास्तर नाही. पण डोक्याचे त्यांनी म्हटले ते खोटे म्हणता येत नाही. ते गेले. आता दुसरी आणतील, आणि गोदीची परत जायची वाट कायमची बंद होईल. ते मला ठाऊक होते. माय ओसरीच्या पायरीवर बसली. "तुनं तिचा संसार मोडला," एवढेच बोलली.

ज्यांच्या घरात असे माणूस आहे त्यांना माझे एकच सांगणे आहे. शांत झाले, एवढ्यावर खूश होऊन त्याला घेऊन निघू नका. त्याला काय दिसते, काय कळते, ते आधी विचारा. तुमची बाई सगळ्यांचे दुःख ओळखत असेल तर ते दुःख तिने अंगावर घेऊ नये एवढेच शिकवा. ओळखणेच काढून टाकू देऊ नका. हे कसे करायचे, मला ठाऊक नाही. ज्याला ठाऊक असेल त्याने लिहावे. मी ते फुकट छापीन, आणि मोताळ्याच्या बाजारात उभा राहून वाटीन.

संध्याकाळी मी पुन्हा आत गेलो. गोदी तिथेच होती. चूल विझली होती, ती राखेकडे पाहत होती. मी जवळ बसलो. दुसऱ्या कोणाला विचारणार होतो?

"गोदे, मी चूक केली काय?"

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले, किंवा मला तसे वाटले.

"हाव," ती म्हणाली.